मुळाचा माग

पोळ्याला आठ दिवस होते.
रोपवाटिकेमागच्या टेकाडावर
खियालीबाई पुढे चालत होती,
डोक्यावर रिकामी टोपली, कानामागे विडी,
आणि मी मागे, गुडघ्यापर्यंत तंबाखूचं पाणी चोपडून.
गोचिडांना वास सोसत नाही, ती म्हणाली होती.
गोचिडांना सोसत होता.
पहिली पोटरीवर सापडली,
दुसरी जिथे सापडली ते इथे लिहीत नाही.

वर सागाच्या पानांची जाळी झालेली.
अळ्यांनी शिरा तेवढ्या ठेवल्या होत्या,
आभाळ चाळणीतून पडत होतं
आणि त्यांच्या लेंड्या टोपीवर बारीक वाजत होत्या.
मी याचा अहवाल धडगावला पाठवला होता, तीन प्रतींत.
"खाऊ दे," ती म्हणाली.
"महिन्याभरात परत पालवेल. साग रडतो का?"

केसाळ सुरवंट मानेवर पडला तेव्हा मी रडलो.
तिनं आपल्या वेणीचं टोक धरलं
आणि चोळून चोळून त्याचे केस काढले,
पोराचं नाक पुसावं तसं,
दुसरीकडेच बघत.

पहिली छत्री मीच पाहिली.
पळसाच्या बुंध्याशी, पांढरी, देखणी,
लग्नात फोटोला उभी राहिल्यासारखी.
"हात नको लावू."
मी म्हटलं, चांदीचं नाणं घासून बघतात ना,
काळं पडलं तर विषारी?
"नाणं काय जेवतं का?"
काठीच्या टोकानं तिनं बुडखा उकरला.
खाली एक फुगीर पिशवी होती, आणि बस्स.
"हिला खाली कोणी नाही," ती म्हणाली.
"जिला कोणी नाही तिला घरात न्यायचं नाही."
मला ते जरा लागलं. मी तिथे एकटाच राहतो.

खरी अळंबी वारुळाच्या पाठीवर होती.
खिळ्यांसारखी टोकं, मातीच्या रंगाची,
मी दोन पायांखाली तुडवून झाल्यावर दिसली.
देठ ओढायचा नाही. माग काढायचा.
बोटभर, वीतभर, मग कोपरापर्यंत हात आत,
आणि ते मूळ जातच होतं खाली,
कणकेच्या वातीसारखं,
जिथे उधई ओल्या अंधारात
चघळलेल्या लाकडाचं भुसभुशीत पोळं राखत बसलेली.
"त्यांचं शेत," ती कुजबुजली,
कुणी झोपलंय अशा आवाजात.
"आपण कणसं काढायची, बांध नाही फोडायचा."
मूठभर माती परत सारली, तळव्यानं थापली.

टोपली अर्धी भरली.
"आता मोठं वारूळ," ती म्हणाली, "तुझ्या क्वार्टरमागचं.
सासू असल्यापासून दोन टोपल्या देतं."

उतरणभर मी बोललो नाही.
चिलटं डोळ्यांत जात होती, जाऊ दिली.
जूनमध्ये माझ्या दाराची चौकट पोखरली होती.
मी शहाद्याहून औषध आणलं,
पाच लिटर, दुकानदारानं हातमोजे फुकट दिले,
आणि वारुळाच्या तोंडात बादलीनं ओतलं.
कामाचं वाटलं होतं तेव्हा.

वारुळावर गवतही नव्हतं.
खियालीबाईनं चिमूटभर माती नाकाशी नेली,
थुंकली, पदरानं बोटं पुसली.
मग माझ्या दाराकडे बघितलं,
डांबर फासलेल्या चौकटीकडे.
"दार वाचलं?"
"वाचलं."
"हं."

पळसाच्या पानात तिनं माझा वाटा बांधून दिला.
मीठ, लसूण, वाळक्या मिरचीत परतला मी.
फोनवर आई विचारत होती, "जेवना का रे?"
जेवलो म्हटलं. काय ते सांगितलं नाही.

रात्री दिवा मालवून
चौकटीला कान लावून बसलो बराच वेळ.
आत कुणी कुरतडतंय का, ऐकत.
गुडघ्यामागे तिसरी गोचीड सापडली,
तेवढीच.